बाराव्या खेपेचा रस्ता

केप्याच्या बाजारात हवा भरून घेते.
चाळीसच ठेव, म्हणते, जास्त नको;
टायर जरा मऊ असला
की खडीचं बोलणं तळहातातच विरतं,
दातांपर्यंत येत नाही.
कामिलोचा पोर दर रविवारी तेच विचारतो:
बाई, चांगलं डांबर सोडून मातीत कशाला?

डांबरावर मला मागून येणाऱ्यांची भीती वाटते.
एवढंच खरं कारण.
बाकीचं सगळं नंतर सुचलेलं.

रिवण मागे पडलं की पुलाच्या अलीकडे
पाटी नसलेलं एक वळण.
नकाशात तिथे तुटक रेघ आहे.
भूमापन खात्यात सव्वीस वर्षं
अशाच रेघा शाईनं ओढल्या मी,
एकीवरही पाय न ठेवता.

तिथून तांबडं सुरू.
पहिला चढ काजूंच्या मधून,
मोहोराचा तो गोडसर, डोकं जड करणारा वास,
सगळ्यात लहान गिअर,
आणि माझा श्वास माझ्याच मागून चालत आल्यासारखा.
गडग्यावर सरडा. तो हलत नाही, मीही जवळपास नाही.
वरून धनेश गेला:
माळ्यावर कुणी सूप पाखडावं, तसा पंखांचा आवाज.
मग पुन्हा काही नाही.
या काही-नाहीसाठी मी बत्तीस किलोमीटर येते.

माथ्यावर खाण.
म्हणजे होती.
आता पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा
आणि तळाशी हिरवं पाणी,
इतकं हिरवं की त्याच्यावर विश्वास बसत नाही.
काठावर गवत कंबरभर,
वजनकाट्याच्या खोलीत भिरंडीचं रोप उगवलेलं,
ऐन खिडकीतून बाहेर बघणारं.

पलीकडच्या वाड्यावर पाणी मागितलं.
अंगणात निळ्या ताडपत्रीखाली ट्रक,
चाकांना विटा लावलेला,
नंबर मात्र पुसून लख्ख.
पावटो वेळीप. तांब्या दिला, सायकल उचलून बघितली,
एका हातानं, मासळी जोखावी तशी.
बाये, रिकामी आहे ही, म्हणाला.
कुठून आलीस ते सांगायच्या आधीच
त्यानं मला रस्ता सांगितला:
काजूच्या चढाला दुसरा,
सातविणीपाशी हॉर्न,
उताराला आंब्याच्या उजवीकडे खड्डा, डावं धर.
दिवसाला अकरा खेपा ठरलेल्या.
बारावी मिळाली
तर ती पोरीच्या शाळेची.

मी म्हटलं, इथे कोणी नसतं, म्हणून येते.
हो, तो म्हणाला.
कोणी नसतं.

त्याची बायको दारातून बोलली, माझ्याशीच, त्याच्याशी नव्हे:
तेव्हा पांढरं काही वाळत घालता येत नव्हतं.
विहिरीला लाल साय यायची.
तो ताडपत्रीची दोरी घट्ट करत राहिला,
घट्टच होती ती.

तांब्या मी उपडा घालून ठेवला.
काय बोलायचं होतं ते
अजूनही सुचलेलं नाही.

परतताना सावल्या लांब झाल्या होत्या,
खडी ओळखीची वाटत नव्हती.
आंबा आला. उजवीकडे खड्डा,
अगदी सांगितला तिथेच, पानांनी भरलेला.
मी डावं धरलं.
म्हणजे हा रस्ता मी शोधला नव्हता.
कुणीतरी बारा वेळा रोज
माझ्या आधी तो पाठ केला होता
आणि पाठांतर घेऊन
घरी बसला होता.

सातविणीपाशी मी घंटी वाजवली.
समोरून काही येत नव्हतं,
मागूनही नाही.
तरी सायकल कडेला घेतली,
एक पाय गडग्याला टेकला,
आणि भरलेला ट्रक जायला लागेल
तेवढा वेळ
थांबले.